दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पाट्या

औरंगाबाद,
१२ नोव्हेंबर २०१८

मुबारकचाचा,

सलाम. तुमच्या कानाची मशीन पुन्हा बंद पडली, असं गुलशनभाभीनं सांगितलं, म्हणून कागद घेऊन बसले. नाहीतरी फोनवर मी ओरडणार आणि तुम्ही नुसतं "हां हां" म्हणणार. कॉम्प्रेसरच्या खोलीत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला आता सुनेचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही म्हणे. ती त्यावर खूश आहे की नाराज, ते काही कळलं नाही.

बातमी अशी, की आपल्या दवाखान्याला आता मानांकन हवंय. जानेवारीच्या अखेरीस दिल्लीहून परीक्षक येणार. ते सगळं तपासणार आणि मग प्रमाणपत्र देणार. त्याच्या तयारीसाठी दर सोमवारी सुरक्षा फेरी काढायची, आणि त्या फेरीची प्रमुख कोण, तर मी! सर्जिकल वॉर्डात बारा वर्षं सलाइन लावणाऱ्या बाईच्या हातात आता यादी आणि पेन आहे. मी दिसले की वॉर्डातल्या पोरी स्टूल सरळ करतात.

आज पहिली फेरी झाली. आग विझवायचं एक नळकांडं कपाटामागं सापडलं, त्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. मागच्या जिन्याच्या दाराला साखळी आणि कुलूप, कारण नातेवाईक तिकडून घुसतात म्हणे; मी ती आजच काढायला लावली. कॅज्युअल्टीतल्या नव्या सिस्टरला विचारलं, "आग लागली तर आधी काय करशील?" ती म्हणाली, "मॅडम, आधी तुम्हाला फोन करीन."

आता कामाचं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यासमोर भिंतीत ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हचे दोन डबे आहेत. डावीकडच्यावर 'पुरुष वॉर्ड' आणि उजवीकडच्यावर 'अतिदक्षता', अशा स्टीलच्या पाट्या आहेत. माझ्या यादीत पहिला प्रश्न: पाटी आहे का? आहे. दुसरा प्रश्न: पाटी बरोबर असल्याचं तपासलं का? यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तुमच्या जागेवर आता सांडू आहे, चांगला पोरगा आहे. तो म्हणाला, "मॅडम, मी आल्यापासून त्याला हात लावायची वेळच आली नाय." नकाशा काढला तर तो १९९४चा, आणि त्यात त्या जागी भिंतच वेगळी.

आग लागली तर त्या भागाचा ऑक्सिजन आधी बंद करायचा, नाहीतर आग त्याच्यावरच पोसते, असं मी सिस्टरांना शिकवते. म्हणून ते डबे बरोबर आहेत ना, एवढं दोन ओळींत कळवा. तुमच्याइतकं त्या पाइपांना दुसरं कोण ओळखतं?

आण्णा असते तर आज फेरीत मागून चालत आले असते. स्वतः वॉर्डबॉय होते, पण लेकीला सिस्टर करायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. पांढऱ्या कोटात यादी घेऊन फिरताना त्यांची आठवण झाली.

तुमची
द्वारका


सिल्लोड,
१९ नोव्हेंबर

द्वारका बेटी,

लई लई दुवा. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. गुलशन म्हणाली, अब्बा हसतात कशाला. त्या पोरीचा जवाब वाचून हसलो. आग लागल्यावर फोन करणारी सिस्टर आमच्या काळात नव्हती, कारण फोनच एक होता आणि तो मेट्रनच्या टेबलावर.

इथं खैरियत आहे. अंगणात मका वाळत घातलाय, दिवसभर पाखरं हाकतो. त्यांचा आवाज येत नाय, सावली दिसली की काठी आपटतो.

मागच्या जिन्याची साखळी काढलीस ते लई चांगलं केलं. ती पुन्हा लागेल, पुन्हा काढ.

त्या दोन डब्यांचं म्हणशील, तर पाट्या एकमेकींच्या जागी लाव. चार-चार स्क्रू आहेत, पाच मिनिटांचं काम. सांडूला सोबत घे. कागदावर काही घालू नको. कोणी विचारलं तर पुसायला काढल्या होत्या म्हण. माझं नाव कशाला घेतेस, मी रिटायर माणूस.

का, ते विचारू नको बेटी. मी सांगतो ते बरोबर आहे एवढं समज.

तुझा बाप पुंजाराम तुला बघून खुश झाला असता, यात शंका नाय.

तुझा चाचा
मुबारक


औरंगाबाद,
२७ नोव्हेंबर

चाचा,

तुमचं पत्र आलं आणि त्या दिवसापासून दुसऱ्या मजल्यावरून जाताना माझी नजर त्या भिंतीकडंच जाते. आयसीयूत आज नऊ पेशंट आहेत, त्यातले चार मशीनवर.

पाट्या मी बदललेल्या नाहीत. रागावू नका. पुसायला काढल्या होत्या असं मी खोटं सांगितलं आणि उद्या माझी बदली झाली, तर माझ्यानंतरची कोणी तो जुना नकाशा बघून पाट्या पुन्हा उलट्या लावील. कशामुळं बदलल्या ते कुठंतरी लिहिलेलं पाहिजे. आणि लिहायचं तर आधी व्हॉल्व्ह बंद करून बघितलं पाहिजे की कुठला भाग बंद पडतो.

मी प्रशासक काळेसाहेबांकडं गेले. बद्रीनाथ काळे, तुमच्या वेळेला नव्हते. त्यांना सांगितलं की पाट्या उलट्या असाव्यात असं एका जुन्या माणसाचं म्हणणं आहे.

ते म्हणाले, "त्यांना कसं माहीत?"

मलाच कुठं माहीत आहे!

"सिस्टर, परीक्षक येऊन जाऊ द्या. मग आरामात तपासू. आता चालू आयसीयूचा ऑक्सिजन बंद करून बघायचा, आणि काही झालं तर?"

"आणि त्याआधी आग लागली तर, साहेब?"

"एवढ्या वर्षांत लागली का?"

फेरीच्या अहवालात मी मात्र लिहिलं: 'दोन्ही पाट्या तपासलेल्या नाहीत, उलट्या असण्याची शक्यता.' लाल पेनानं. काळेसाहेबांनी तो कागद अजून पुढं पाठवलेला नाही.

चाचा, तुमच्या हातून तेव्हा पाइप जोडताना चूक झाली असेल तर सरळ सांगा. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तुमची पेन्शन कोणी थांबवणार नाही. माणूस चुकतो. पण तुम्हाला हे कसं माहीत आहे, एवढं मला कळलंच पाहिजे. त्याशिवाय माझं कोणी ऐकणार नाही.

द्वारका


सिल्लोड,
६ डिसेंबर

बेटी,

पाइप मी नीट जोडले होते. चूक पाट्यांची. नंतर मधली भिंत सरकली, पेंटर जुना नकाशा बघून नावं टाकून गेला. डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला.

तू विचारलंस की मला कसं माहीत. आठ दिवस झाले, कागद घेतो आणि ठेवून देतो. आज लिहितो.

१९९६ साल, डिसेंबरची पाच तारीख. पुरुष वॉर्डात भिंतीतल्या एका नळीतून ऑक्सिजन फुसफुसायला लागला. जवळच्या खाटेवरचा पेशंट चोरून बिडी ओढणारा, म्हणून घाई. मी वर गेलो आणि 'पुरुष वॉर्ड' लिहिलेला डबा उघडून व्हॉल्व्ह बंद केला. आवाज थांबला नाय. वाटलं, पाइपात उरलेला आहे तो निघतोय. वाट बघितली. दहा मिनिटं असतील, कमी असतील. मग पलीकडून सिस्टर ओरडत आली की आयसीयूत ऑक्सिजन येत नाय. तेव्हा आयसीयू म्हणजे सहा खाटा, आणि ते अलार्म-बिलार्म काही नव्हतं. मी व्हॉल्व्ह उघडला.

पाच जणांना काही झालं नाय. एक बाई गेली. चतुराबाई नाव, शेंद्र्याची. तेव्हा तिकडं कारखाने नव्हते, सगळी शेती. छातीत कफ भरून आणली होती. आधीच नाजूक होती, डॉक्टरनं कागदावर तसंच लिहिलं. मी कोणाला बोललो नाय. कोणी विचारलंही नाय.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ब्रश घेऊन दोन्ही नावं खोडली आणि बरोबर लिहिली. पुढं २००९ला नूतनीकरण झालं, ठेकेदारानं तोच जुना नकाशा बघून नव्या स्टीलच्या पाट्या ठोकल्या. उलट्या. मी तेव्हाच्या साहेबाला सांगायला गेलो. त्यानंही हेच विचारलं, तुला कसं माहीत, नकाशात दाखव. कसं माहीत ते सांगायचं तर चतुराबाईचं नाव घ्यावं लागलं असतं. मी परत फिरलो. दोन वर्षांनी रिटायर झालो. निघताना त्या भिंतीकडं बघितलं नाय.

आता माझं नाव घाल. काळेसाहेबाला हे पत्र दाखव. तुझं काम होऊ दे.

मुबारक


औरंगाबाद,
२३ डिसेंबर

चाचा,

तुमचं पत्र मी काळेसाहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "हे कुठं बाहेर गेलं तर?" मी म्हटलं, "आयसीयूच्या डॉक्टरबाईंना मी आधीच दाखवलंय." मग ते म्हणाले, "करा चाचणी. तुमच्या जबाबदारीवर."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला केली. दोन्हीकडच्या प्रत्येक खाटेजवळ भरलेलं सिलिंडर, प्रत्येकाजवळ एक सिस्टर. मशीनवरच्या चौघांना डॉक्टरबाईंनी स्वतः सिलिंडरवर घेतलं. मी पुरुष वॉर्डाच्या दारात. सांडूनं 'पुरुष वॉर्ड' लिहिलेला व्हॉल्व्ह फिरवला. मी ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या, भिंतीवरच्या फ्लोमीटरकडं बघत होते. आतली गोळी तरंगत होती ती तशीच तरंगत राहिली. आणि पलीकडं आयसीयूत अलार्म वाजायला लागला.

सांडूनं लगेच व्हॉल्व्ह उघडला. म्हणाला, "मॅडम, उद्या आग लागली असती तर मी हाच फिरवला असता." मी त्याला म्हटलं, मीही हाच फिरवला असता. मीच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

त्याच दिवशी पाट्या बदलल्या. नवा नकाशा काढला, त्यावर तारीख आणि चौघांच्या सह्या. आता दर सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह फिरवून बघायचा, हे यादीतच घातलंय.

चाचा, इथं पत्र संपवता आलं असतं. पण अहवालाला जोडायला म्हणून मी तळघरातून १९९६ची ड्यूटी-वही काढून आणली. पाच डिसेंबरला तुमच्या नावापुढं लिहिलंय: 'रजा. जालना, भावाचा निकाह.' चार, पाच आणि सहा, तिन्ही दिवस. आणि त्याखाली: 'ऑक्सिजन-कॉम्प्रेसर, बदली: पुंजाराम.'

आण्णांनी त्या डिसेंबरातच वॉर्डाचं काम सोडून धोबीखाना मागून घेतला होता. मी चौदा वर्षांची होते. पाठ दुखते, खाटा ढकलवत नाहीत, असं घरी सांगायचे. ओल्या चादरींची गाठोडी काय कमी जड असतात? हे मला तेव्हा सुचलं नाही.

मला खरं सांगा. माझ्या बापाचं आहे, मी ऐकून घेईन.

द्वारका


सिल्लोड,
३१ डिसेंबर

द्वारका,

व्हय. पुंजारामच होता.

मी सहाच्या रात्री जालन्याहून आलो, तो माझ्या दारात बसलेला. काही खाल्लं नव्हतं. सगळं सांगितलं आणि माझा हात धरून म्हणाला, "माझ्या पोरीला कधी कळू देऊ नको." मी कबूल केलं. म्हणून तुला खोटं लिहिलं.

पण बेटी, खोटं तेवढंच नाय. पुंजारामचा गुन्हा आपल्या अंगावर घेणारा भला माणूस मुबारक, असं तुला वाटेल. तसं नाय. तुला मी अर्धंच लिहिलं होतं, आणि जे उरलं ते जास्त वाईट आहे.

पाट्या उलट्या आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. भिंत सरकली त्याच महिन्यात मला कळलं. मी मेट्रनला म्हटलं, पेंटरला बोलवा. ती म्हणाली, बोलवू. मग राहून गेलं. माझा हात आपोआप उलटा जायचा. डावं वाचायचं, उजवं फिरवायचं. मला त्यात थोडी घमेंडही होती, की हे मुबारकशिवाय कोणाला जमत नाय.

जालन्याला निघताना पुंजारामला मी सगळं समजावलं. सिलिंडर कसं बदलायचं, कॉम्प्रेसरचं तेल, जनरेटरची चावी. पाट्यांचं सांगायचं राहिलं. माझ्यासाठी ती चूक राहिलीच नव्हती ना, सवय झाली होती. त्यानं पाटी वाचली आणि पाटीवर इमान ठेवलं. अक्षर ओळखणारा कोणीही तेच करणार.

हे मी पुंजारामलाही कधी सांगितलं नाय. तो मरेपर्यंत समजत राहिला की पाट्या उलट्या असल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा उघड झालं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मी त्याच्याजवळ बसायचो, तुला आठवत असेल. तू म्हणायचीस, चाचा किती करतात. रोज ठरवून यायचो की आज सांगू.

आता तू मला चाचा म्हण की म्हणू नको.

मुबारक


औरंगाबाद,
१० फेब्रुवारी २०१९

मुबारकचाचा,

सहा आठवडे लिहिलं नाही. लिहायला घेतलं की हात चालायचा नाही. तुमचा राग आला, मग आण्णांचा आला, मग दोघांचीही कीव आली. आता त्यातलं काय उरलंय ते नीट सांगता येणार नाही.

परीक्षक येऊन गेले. तिघं होते. दुसऱ्या मजल्यावर त्यातल्या एका बाईंनी नवा नकाशा बघितला आणि विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" काळेसाहेब माझ्याआधी बोलले, "आमच्या नियमित फेरीत." खोटं नव्हतं ते. पण मी म्हटलं, "मॅडम, बावीस वर्षांपूर्वी ह्याच चुकीमुळं आयसीयूचा ऑक्सिजन बंद झाला होता. त्या दिवशी एक बाई गेली. तेव्हा कोणी लिहून ठेवलं नाही, म्हणून चूक परत आली." त्या बाईंनी पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि मग बराच वेळ लिहीत राहिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला येणार आहेत. सगळ्या मजल्यांचे व्हॉल्व्ह तपासून ठेवा म्हणाल्या. प्रमाणपत्र तेव्हा बघू. काळेसाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आज रविवार, म्हणून शेंद्र्याला गेले होते. चतुराबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्यांचे यजमान बन्सी, सत्तरीला आलेत. शेत कारखान्यांत गेलं, पुतण्याच्या घरी ओसरीत राहतात. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर पुतण्याच्या बायकोनं खुर्ची दिली.

मी सांगितलं. जे आणि जसं घडलं तसं. दहा मिनिटं, पाटी, तुम्हाला ते आधीच माहीत असणं, तुमची रजा, आण्णांचा हात. मध्ये ते एकदाच बोलले, "किती वाजता?"

"दुपारी अडीच-तीन."

"मी चहा प्यायला खाली गेलतो. वर आलो त सगळे पळत व्हते."

चहा आला. त्यांनी हातानंच तो परत न्यायला सांगितला. माझ्या पुढ्यात ठेवू दिला नाही.

मग म्हणाले, "डॉक्टर मला काय म्हनला, ठावं हाय? पाटील, लई उशीर केला. एक दिस आधी आणली असती त वाचली असती. तीन दिस ती खोकत व्हती अन् मी कापूस वेचत व्हतो. ह्ये खरं हाय, मी नाय म्हनत नाय. माझी सासू मनकर्णाबाई, तिनं पोर उचलून नेली. अकरा वर्साची व्हती लक्ष्मी. बापानं कापसापायी आईला मारली, ह्येच ऐकत मोठी झाली. तिच्या लग्नात मी मांडवाच्या भाईर हुभा व्हतो."

मी म्हटलं, "काका, ऑक्सिजन चालू राहिला असता तर त्या वाचल्याच असत्या, असं मला सांगता येत नाही. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, आता कोणीच सांगू शकत नाही."

"नका सांगू. मला तरी कोनी खात्रीनं सांगितलं व्हतं? पन मी मानलं ना. बावीस वर्सं मी एकलाच व्हतो त्या पापाला. अन् तुमी आज सांगायला आल्या, की आनखी दोघं व्हते."

मला रडू आलं. ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "एक वॉर्डबॉय व्हता. गाडीपोतर आमच्यासंगं आला, तिला उचलू लागला. लई रडत व्हता. मला वाटलं, असल्या मऊ काळजाचा मानूस दवाखान्यात टिकंल कसा?"

"ते माझे वडील."

ते उठून भिंतीला हात लावत आत गेले. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात एक वही आणि पेन घेऊन बाहेर आले आणि माझ्यापुढं ठेवलं. "लिवून द्या. आत्ता बोललात त्ये सगळं. लक्ष्मीला गंगापूरला धाडायचं हाय. तिला माझ्या तोंडचं खरं वाटायचं नाय."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं. कापूस वेचत होतो हे मी गाळलं होतं, ते घालायला लावलं. मी सही केली. ते म्हणाले, "ज्याला आधीच ठावं व्हतं, त्याची बी सही पायजे."

तो कागद सोबत पाठवते आहे. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला गळ घालणार नाही.

आणि चाचाच म्हणते. दुसरं काही तोंडात बसत नाही.

द्वारका


सिल्लोड,
१६ फेब्रुवारी

बेटी,

कागद परत पाठवतो. सही केली. तुझ्या अक्षरात माझ्याबद्दल एकच ओळ होती, 'मुबारक यांना पाट्यांची कल्पना असावी.' असावी नाय. ती ओळ मी खोडली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मला दोन वर्षं माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही.' खाली पूर्ण नाव, गाव, तारीख.

गुलशननं वाचलं. पहिल्यांदाच वाचलं तिनं. रात्री जेवताना भाकरी माझ्या ताटात न टाकता हातात दिली. ते राग की माया, मला समजलं नाय.

पोस्टात मी स्वतः गेलो. रजिस्टर केलंय.

मुबारक


गंगापूर,
१८ मार्च

द्वारका सिस्टर यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी चतुराबाईची मुलगी, लक्ष्मी. तुमचा कागद मला मिळून तीन आठवडे झाले. चुलतभाऊ स्वतः घेऊन आला होता.

मला लिहायची सवय नाही, मुलाच्या वहीचं पान फाडून लिहिते. कागद वाचला तेव्हा आधी तुमचाच राग आला. इतकी वर्षं कुठं होतात? आज्जी मागल्या वर्षी गेली. तिला हे कोण सांगणार? ती शेवटपर्यंत माझ्या बापाला शिव्या देत गेली, आणि मी मान हलवत बसायची. मालकांनी कागद वाचला आणि म्हणाले, कोर्टात जाऊ. मी म्हटलं, आधी शेंद्र्याला जाऊन येते.

परवा गेले. लग्नानंतर पहिल्यांदा. ते ओसरीत बसले होते. माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "कोन हाय?" मला वाटलं मुद्दाम विचारतात. तर पुन्हा, "कोन हाय ते? बोला की." मग चुलतभावाच्या बायकोनं मला कानात सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, माणूस ओळखू येत नाही. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात. आईला नेल्यापासून त्यांनी दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

मी त्यांच्याजवळ बसले. एवढी वर्षं भांडायचं म्हणून किती वाक्यं तयार होती, एकही आठवेना. मी म्हटलं, "मी हाय." ते म्हणाले, "मी कोन?" मी म्हटलं, "लक्ष्मी." तर त्यांनी माझा हात चाचपला आणि मनगटापासून बोटांपर्यंत बघत राहिले हातानंच. म्हणाले, "केवढी झालीस गं." मी चौतिसाव्यात आहे, सिस्टर.

मालकांना मी सांगितलंय की कोर्टाचं नंतर बघू. जाणारच नाही असं तुम्हाला लिहून देत नाही. तुम्हाला आणि त्या सिल्लोडच्या माणसाला मी माफ केलंय असंही लिहीत नाही. ते कधी होईल की नाही, मला माहीत नाही.

पण डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे. ते तयार नव्हते. मी म्हटलं, मी संग येते, खाटेपासून हलत नाही. तेव्हा हो म्हणाले. सगळे म्हणतात, दुसऱ्या दवाखान्यात ने. मी ठरवलंय तुमच्याच दवाखान्यात. कशामुळं ते मलाही धड सांगता येत नाही. तुम्ही आपणहून सांगायला आलात, एवढंच मनात आहे.

पुढच्या गुरुवारी, २८ तारखेला, अकराच्या सुमाराला आम्ही येऊ. तुम्ही स्वतः दारात उभ्या राहा. त्यांना पायऱ्या दिसत नाहीत. एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूनं कोणीतरी लागेल.

लक्ष्मी